शेरेबुकाच्या पलीकडे : नांदेड व लातूर जिल्ह्यांतील लहान निवासी संस्था आणि संगोपनाच्या तपासणीचा इतिहास

प्रस्तावना

मराठवाड्यातील कोणत्याही बालगृहाच्या अथवा अनुदानित वसतिगृहाच्या कार्यालयात गेल्यास हजेरीपट, साठा नोंदवही, किर्द आणि आहारपत्रक यांच्याबरोबर आणखी एक जाड वही हमखास आढळते. तिला शेरेबुक असे म्हणतात. तपासणीस आलेले अधिकारी, भेटीस आलेले पाहुणे, देणगीदार आणि प्राध्यापक या वहीत आपला अभिप्राय नोंदवितात. ‘परिसर स्वच्छ आहे’, ‘अभिलेख अद्ययावत आहेत’, ‘मुलांची व्यवस्था समाधानकारक आहे’ अशा धाटणीची वाक्ये या वह्यांतून वारंवार येतात. इतिहासाच्या अभ्यासकाने अशी वही हाती घेतल्यास त्यास एक गोष्ट प्रकर्षाने जाणवेल. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालतो ते मूल या वहीत बहुधा बोलत नाही. ते संख्येच्या रूपाने येते आणि संख्येच्या रूपानेच जाते.

प्रस्तुत लेखात नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात लहान निवासी संस्थांच्या तपासणीचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. लहान निवासी संस्था म्हणजे साधारणतः पंचवीस ते पन्नास मुले, एक अधीक्षक, एक-दोन काळजीवाहक आणि एक स्वयंपाकी एवढ्यावर चालणारे घर, असा अर्थ येथे अभिप्रेत आहे. अशा घराची तपासणी कोणी केली, काय विचारले आणि काय विचारावयाचे राहून गेले, हे या लेखाचे मुख्य प्रश्न होत.

उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१. निवासी संस्थांच्या तपासणीमागील हेतू काळानुसार कसे बदलत गेले हे पाहणे.
२. १९९३ चा भूकंप व २०११ ची पटपडताळणी या दोन घटनांचे या संदर्भातील महत्त्व तपासणे.
३. संख्येची तपासणी आणि संगोपनाची तपासणी यांतील भेद स्पष्ट करणे.

या लेखात कोणत्याही एका संस्थेचे मूल्यमापन केलेले नाही. कायदे, न्यायालयीन आदेश आणि सार्वजनिक जीवनातील ज्ञात घटना यांच्या आधारे विवेचन केले आहे.

तपासणीचा पहिला प्रश्न : निष्ठा कोणाशी?

महाराष्ट्रात निराधारांसाठी घरे उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पंढरपूर येथे १८७५ साली प्रार्थना समाजाच्या प्रेरणेने अशाच स्वरूपाची संस्था उभी राहिली. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. या संस्था आरंभी अगदीच लहान होत्या आणि त्या चालविणारी माणसे बहुतेक वेळा त्याच छपराखाली अथवा शेजारी राहत होती. त्यांच्यावर शासनाची देखरेख नाममात्र होती. देखरेख होती ती समाजाची. आणि समाजाचा प्रश्न मुलींच्या जेवणाचा अथवा आजारपणाचा नव्हता.

पंडिता रमाबाई यांच्या शारदा सदनाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १८८९ साली मुंबईत सुरू झालेले हे सदन पुढल्याच वर्षी पुण्यास हलविण्यात आले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या मान्यवरांची सल्लागार समिती त्यास लाभली होती. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ती बाह्य देखरेख समितीच होय. १८९३ साली या समितीने राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी आपल्या मुली सदनातून काढून नेल्या. वादाचा विषय होता धर्मांतराचा. मुली शिकतात किती, त्या सुखी आहेत काय, विधवेच्या वाट्यास येणाऱ्या अवहेलनेतून त्यांची सुटका झाली काय, हे प्रश्न त्या गदारोळात मागे पडले. समितीतील व्यक्तींच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि निवासी संस्थेची समाजाने केलेली पहिली मोठी झाडाझडती निष्ठेच्या प्रश्नावर झाली, ही नोंद महत्त्वाची आहे.

मराठवाड्यात याच प्रश्नाने वेगळे रूप घेतले. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात खासगी शाळा काढावयाची तर सरकारी परवानगी आवश्यक असे आणि सभा-संमेलनांवरही निर्बंध होते. १९२१ साली हिप्परगा येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळेसारख्या संस्थांकडे संस्थानी अधिकारी संशयाने पाहत, कारण तेथे काय शिकविले जाते यापेक्षा कोण शिकवितो आणि कशासाठी शिकवितो हा त्यांचा प्रश्न होता. तपासणीस येणारा मनुष्य म्हणजे पाळत ठेवणारा मनुष्य, हे समीकरण या भागाच्या सामूहिक स्मृतीत त्या काळापासून रुजले असावे. पुढे स्वतंत्र भारतातील अधिकारी त्याच वाटेने आले तेव्हाही संस्थाचालकांचा पहिला उद्योग कागद नीट लावून ठेवण्याचाच राहिला, याचे एक मूळ येथे शोधता येते.

दुसरा प्रश्न : हिशेब आणि पट

स्वातंत्र्यानंतर निवासी संस्थांकडे पाहण्याची दृष्टी कल्याणकारी राज्याची झाली. १९५१ साली हैदराबाद राज्यासाठी बालकांविषयीचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा भाग बनला. त्याच वर्षी संसदेने अनाथालये व इतर धर्मादाय गृहे (देखरेख व नियंत्रण) अधिनियम संमत केला. कैलाश बिहारी लाल या राज्यसभा सदस्याने मांडलेल्या खासगी विधेयकातून हा कायदा जन्मास आला. स्वतंत्र भारतात फारच थोडी खासगी विधेयके कायद्यात रूपांतरित झाली. त्यांपैकी एक अनाथालयांच्या तपासणीसाठी असावे, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या अधिनियमाने राज्यस्तरीय नियंत्रण मंडळाची कल्पना मांडली, संस्थांना प्रमाणपत्र घेणे आवश्यक केले आणि मंडळास तपासणीचे अधिकार दिले. मात्र शैक्षणिक संस्थांशी संलग्न असलेली वसतिगृहे या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. मराठवाड्याच्या दृष्टीने ही मोठीच पळवाट ठरते. या भागातील गरीब मूल प्रायः ‘अनाथालयात’ जात नाही, ते ‘वसतिगृहात’ जाते. आईवडिलांपैकी एक हयात असते, शेत कोरडवाहू असते, गावात चौथीच्या अथवा सातवीच्या पुढे शाळा नसते. अशा वेळी बोर्डिंगमध्ये घातलेले मूल कायद्याच्या भाषेत विद्यार्थी असते. प्रत्यक्षात मात्र ते वर्षातील आठ-दहा महिने त्या घराच्या आश्रयाने वाढत असते. परिणामी एकसारख्याच मुलांसाठी तीन-चार खात्यांची तपासणी अस्तित्वात आली. बालगृह महिला व बालविकास विभागाकडे, अनुदानित वसतिगृह समाजकल्याण खात्याकडे, आश्रमशाळा त्यांच्या स्वतंत्र यंत्रणेकडे, आणि संस्थेचे हिशेब मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार धर्मादाय आयुक्तांकडे, अशी विभागणी झाली. प्रत्येक खात्याची वही वेगळी, प्रत्येकाचा नमुना वेगळा. मुलाकडे एकत्रितपणे पाहणारा कोणीच नव्हता.

अनुदान दरडोई असल्यामुळे तपासणीचा केंद्रबिंदूही डोकी मोजण्यावर आला. पटावर पन्नास नावे असतील आणि प्रत्यक्षात पस्तीस मुले असतील, तर पंधरा मुलांचे अनुदान कोठे जाते, हा रास्त प्रश्न होता. या प्रश्नाचे सर्वांत ठळक उत्तर नांदेड जिल्ह्याने दिले. जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांच्या कार्यकाळात नांदेड जिल्ह्यातील शाळांची एकाच वेळी पटपडताळणी करण्यात आली आणि बोगस विद्यार्थ्यांची फार मोठी संख्या उघडकीस आली. या अनुभवाच्या आधारे राज्य शासनाने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात संपूर्ण महाराष्ट्रात पटपडताळणी हाती घेतली. एकाच मुलाची दोन शाळांत गणना होऊ नये म्हणून निवडणुकीप्रमाणे बोटाला शाई लावण्यात आली. लक्षावधी विद्यार्थी केवळ कागदावर असल्याचे निष्पन्न झाले.

पटपडताळणीचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. कागदावरील मुलाला आव्हान देण्याचे धाडस एका मागास समजल्या जाणाऱ्या जिल्ह्याने दाखविले. ही मोहीम शाळांची होती. तथापि दरडोई अनुदानावर चालणाऱ्या निवासी संस्थांनाही तिचा तर्क तितकाच लागू पडतो. या तर्काची मर्यादाही त्याच वेळी लक्षात घ्यावयास हवी. शाईने मूल आहे की नाही एवढे कळते. ते रात्री कोठे झोपते, तापाने फणफणले असता त्याच्या उशाशी कोण बसते, हे शाईने कळत नाही.

निवासी संस्थेत तर मोजणीही फसवी ठरू शकते. मराठवाड्यातून दरवर्षी मोठ्या प्रमाणावर मजूर ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. जिल्हा परिषदांनी या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना राबविली ती याच कारणाने. ज्या घरात अशी मुले राहतात तेथे पौषात केलेल्या तपासणीत सर्व खाटा भरलेल्या दिसतील आणि ज्येष्ठात केलेल्या तपासणीत निम्म्या रिकाम्या दिसतील. रिकामी खाट म्हणजे एके ठिकाणी लबाडी असते, तर दुसऱ्या ठिकाणी आई गावी परतल्याची आनंदवार्ता असते. वर्षातून एकदा येणाऱ्या अधिकाऱ्यास हा भेद ओळखता येणे कठीण आहे. तो ओळखण्यासाठी मुलाच्या घरची परिस्थिती ठाऊक असावी लागते.

भूकंपाचा धक्का : घर म्हणजे काय?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसराला भूकंपाचा धक्का बसला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील ५२ गावे उद्ध्वस्त झाली. आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि एका पहाटेत शेकडो मुले आईवडिलांना पारखी झाली. या मुलांचे काय करावे, हा प्रश्न त्यानंतरच्या आठवड्यांत शासन आणि समाज या दोघांपुढे उभा राहिला.

त्याची तीन उत्तरे पुढे आली. भारतीय जैन संघटनेने शांतीलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली आणि पुढे वाघोली येथे त्यांच्यासाठी शैक्षणिक पुनर्वसनाचे केंद्र उभे राहिले. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी पन्नालाल सुराणा यांच्या नेतृत्वाखाली नळदुर्ग येथे ‘आपले घर’ ही संस्था सुरू केली. लातूर येथे एसओएस बालग्राम आकारास आले. या पद्धतीत काही मुले आणि त्यांना सांभाळणारी एक ‘आई’ असे एक-एक कुटुंब स्वतंत्र घरात राहते.

या तीन मार्गांची तुलना करून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविणे हा येथे हेतू नाही. तिन्हींतून मुले शिकली व उभी राहिली. मात्र तपासणीच्या इतिहासात या घटनेने एक नवा प्रश्न आणला. मूल आपल्या गावापासून किती दूर आहे, हा तो प्रश्न होय. गावाजवळच्या संस्थेत चुलता, मामा, आजी आठवडी बाजाराच्या दिवशी सहज डोकावून जातात. त्यांच्या हाती नमुना नसतो, शिक्का नसतो; परंतु पोर वाळले आहे काय, त्याच्या अंगावर गजकर्ण उठले आहे काय, ते पूर्वीसारखे बोलते काय, हे त्यांना दारातूनच कळते. नातेवाईक हाच निवासी संस्थेचा सर्वांत जुना तपासनीस होय. अंतर वाढले की हा तपासनीस नाहीसा होतो आणि त्याची जागा भरून काढण्याची जबाबदारी व्यवस्थेवर येते. हॉल बांधून ही जबाबदारी पुरी होत नाही, हे बालग्रामाच्या ‘एक घर, एक आई’ या रचनेने आपल्या परीने मान्य केले होते.

भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी, म्हणजे भूकंपाच्या नऊ-दहा महिनेच आधी, संयुक्त राष्ट्रसंघाचा बालहक्क करारनामा स्वीकारला होता. संस्थेत ठेवलेल्या प्रत्येक मुलाच्या परिस्थितीचा ठरावीक काळाने फेरआढावा घेतला जावा, हा मुलाचा हक्क आहे असे त्यातील पंचविसावे कलम सांगते. येथे एक मूलगामी बदल झाला. तपासणी हा आतापर्यंत शासनाचा अधिकार होता. आता ती मुलाच्या बाजूने मागावयाची गोष्ट ठरली.

तिसरा प्रश्न : संगोपन

या बदलाचे प्रतिबिंब कायद्यात उमटावयास काही वर्षे लागली. १ एप्रिल २००१ पासून अमलात आलेल्या बाल न्याय अधिनियमाने (२०००) राज्य, जिल्हा व शहर पातळीवर तपासणी समित्यांची तरतूद केली आणि सामाजिक लेखापरीक्षणाची संकल्पनाही कायद्यात आणली. २००६ च्या दुरुस्तीने काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या सर्व संस्थांची नोंदणी बंधनकारक केली. २०१५ च्या अधिनियमाने जिल्हा समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यावी, भेट देणाऱ्या पथकात किमान तीन सदस्य असावेत, त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असावा आणि अहवाल एका आठवड्यात सादर व्हावा, असे बंधन घातले. नोंदणीविना संस्था चालविल्यास शिक्षेची तरतूद केली. २०२१ च्या दुरुस्तीने, जी १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली, या साऱ्या व्यवस्थेची जबाबदारी अधिक स्पष्टपणे जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविली.

कागदावर पाहता ही प्रगती समाधानकारक आहे. प्रत्यक्षात मात्र हे बदल दुःखद घटनांच्या रेट्याने घडले, हे विसरता येत नाही. ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहातील कुपोषणाच्या व अत्याचाराच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखालील समन्वय समितीने राज्यातील अशा गृहांची पाहणी केली. ५ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील अनाथालयांसंबंधीच्या प्रकरणात निकाल देताना देशभरातील सर्व बालसंगोपन संस्थांची नोंदणी वर्षअखेरपर्यंत पूर्ण करण्याचे आणि तपासणी समित्या कार्यान्वित करण्याचे निर्देश दिले. केंद्र शासनाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील ९,५८९ संस्थांची नोंद झाली. त्यांपैकी जेमतेम एकतृतीयांश संस्था पाहणीच्या वेळी बाल न्याय अधिनियमाखाली नोंदलेल्या होत्या.

२०१८ सालचे मुझफ्फरपूर प्रकरण या इतिहासातील सर्वांत बोलका धडा आहे. बिहारमधील त्या बालिकागृहास शासकीय अनुदान होते आणि अधिकाऱ्यांच्या भेटीही होत असत. अत्याचार उघडकीस आले ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाने राज्यातील ११० निवासी संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण केले तेव्हा. वह्या तपासणारे आणि मुलींशी बोलणारे यांच्या निष्कर्षांत एवढे अंतर पडले. दार तेच होते, मुली त्याच होत्या. फरक पडला तो विचारलेल्या प्रश्नात.

हा अनुभव केवळ भारताचा नाही. इंग्लंडमध्ये जानेवारी १९४५ मध्ये डेनिस ओ’नील हा बारा वर्षांचा मुलगा, ज्या शेतकरी कुटुंबात त्यास सांभाळावयास ठेवले होते तेथे मारहाण व उपासमारीने मरण पावला. त्याच्यावर देखरेख ठेवणे ज्यांचे काम होते त्यांनी ते वेळेवर केले नव्हते. पुढे कर्टिस समितीने १९४६ साली देशातील बालगृहांचा आढावा घेतला आणि १९४८ चा बालक कायदा झाला. मुलाला नावानिशी ओळखणारी एक जबाबदार व्यक्ती असली पाहिजे, हा त्या समितीच्या विचाराचा गाभा होता. म्हणजे ज्या निष्कर्षाप्रत आपण आज येत आहोत, त्या निष्कर्षाप्रत इतर देशही एका मुलाच्या मृत्यूनंतरच आले.

लहान घराची विशेष अडचण

आता पुन्हा आपल्या दोन जिल्ह्यांकडे वळू. लहान निवासी संस्थेची एक विशेष अडचण अशी की, नियमांतील निकष तिच्या मापाने बेतलेले नसतात. बाल न्याय नियमांतील कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध शंभर मुलांच्या संस्थेसाठी आखलेला आहे. शयनकक्षाचे माप पंचवीस मुलांस एक हजार चौरस फूट, म्हणजे प्रत्येकी चाळीस चौरस फूट असे आहे. जागेचा निकष आवश्यक आहे यात वाद नाही. परंतु तीस मुलांच्या घरात अधीक्षकाची पत्नी स्वयंपाक पाहते, मोठी मुलगी धाकटीची वेणी घालते, शेजारची शिक्षिका संध्याकाळी गणित घेते, यातील काहीही नमुन्यात बसत नाही. याउलट सर्व पदे कागदावर भरलेली असूनही रात्री मुलांजवळ एकही प्रौढ माणूस झोपत नाही, ही गोष्टदेखील नमुन्यातून निसटते. म्हणजे नमुना चांगल्या लहान घरावर अन्याय करतो आणि वाईट लहान घराला झाकतो.

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी २००७ साली सुरू केलेले ‘सेवालय’ या संदर्भात विचारार्ह आहे. एचआयव्हीबाधित मुलांचे हे निवासस्थान होय. २००९ साली ही मुले गावातील शाळेत जाऊ लागताच अनेक पालकांनी आपली मुले शाळेत पाठविणे थांबविले. अखेरीस प्रशासनाला हस्तक्षेप करावा लागला. या घराची तपासणी करणाऱ्याने काय पाहावे? औषधे वेळेवर मिळतात काय, हे तर पाहावेच. पण ज्या दिवशी वर्गातील बाकी बाके रिकामी झाली त्या दिवशी मुलांना कोणी काय सांगितले, हा संगोपनाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. संगोपनाची सीमा कुंपणाशी संपत नाही. गाव त्या मुलांशी कसे वागते हाही तिचाच भाग आहे.

आणखी एक मुद्दा स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. तपासणी ही आजवर एकाच दिशेने झाली. शासन संस्थेस तपासते. शासनास कोण तपासणार? अनुदानाचा मागील हप्ता केव्हा आला, बालकल्याण समितीपुढे मुलाचे प्रकरण किती महिने पडून आहे, परिविक्षा अधिकाऱ्याने मुलाच्या घरी भेट दिली काय, या प्रश्नांसाठीही अहवालात रकाना असावयास हवा. हप्ता वर्षभर थकला तर लहान संस्था किराणा दुकानात उधारी करते, आणि उधारी संपली की वरणात पाणी वाढते. तपासणीत मग ‘आहार निकृष्ट’ असा शेरा पडतो. शेरा खरा असतो, परंतु दोषाची वाटणी अपुरी असते.

त्याचप्रमाणे तपासणीच्या परिणामाचाही विचार हवा. संस्थेची मान्यता रद्द झाली की चालकाचे अनुदान जाते. मुलाचे मात्र घर जाते. २०१५ च्या अधिनियमात, पुनर्वसनाच्या सेवा न देणाऱ्या संस्थेची नोंदणी रद्द केल्यास ती पुन्हा मिळेपर्यंत व्यवस्थापन राज्य शासनाने पाहावे, अशी तरतूद आहे. ती मुलांच्या हिताची आहे. मुलांना एका ट्रकमध्ये बसवून दुसऱ्या जिल्ह्यातील संस्थेत पोहोचविणे हे शिक्षेचे ओझे चुकीच्या खांद्यावर टाकणे होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. निवासी संस्थांच्या तपासणीने आपल्याकडे तीन प्रश्न क्रमाने विचारले : निष्ठा कोणाशी, हिशेब व पट बरोबर आहे काय, आणि संगोपन कसे आहे. तिसरा प्रश्न सर्वांत उशिरा आला आणि पहिले दोन अद्याप त्याच्या वाटेत उभे आहेत.

२. नांदेडच्या पटपडताळणीने संख्येच्या तपासणीचा आदर्श घालून दिला. तिच्याशिवाय पुढे जाता येणार नाही. परंतु तिच्यावर थांबताही येणार नाही. मूल अस्तित्वात आहे हे सिद्ध झाल्यानंतरच संगोपनाची तपासणी सुरू होते.

३. संगोपनाच्या तपासणीस ओळख लागते आणि ओळखीस पुनरागमन लागते. तीच माणसे पुन्हा यावीत, निरनिराळ्या वेळी यावीत. कधी पहाटे आंघोळीच्या पाण्याच्या वेळी, कधी रात्रीच्या जेवणाला, कधी दिवाळीच्या दिवशी, जेव्हा ज्यांना जाण्यास घर नाही अशी चार-दोन मुलेच उरलेली असतात. मुलाशी अधीक्षकाच्या गैरहजेरीत बोलणे झाले पाहिजे.

४. अहवालात शासनाच्या कर्तव्याचा रकाना असावा आणि संस्था बंद करण्यापूर्वी प्रत्येक मुलाची व्यवस्था लेखी ठरलेली असावी.

समारोप

शेवटी एक गोष्ट आपल्या, म्हणजे महाविद्यालयीन अध्यापकांच्या संदर्भात नमूद करावीशी वाटते. या दोन जिल्ह्यांतील बहुतेक महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे एकक आहे. आपण विद्यार्थ्यांना घेऊन बालगृहात जातो. कोणाच्या तरी जयंतीचे किंवा वाढदिवसाचे निमित्त असते. फळवाटप होते, छायाचित्र निघते, पाहुण्यांचे भाषण होते आणि निघताना अधीक्षक शेरेबुक पुढे करतात. आपण लिहितो, ‘संस्थेचे कार्य स्तुत्य आहे’. त्या एका तासात आपण किती मुलांची नावे विचारली? पुढल्या वर्षी त्यांतील कोणते मूल दिसले नाही, हे आपल्या लक्षात आले काय?

शेरेबुक हे इतिहासाचे साधन आहे आणि जुनी शेरेबुके रद्दीत जाण्यापूर्वी त्यांचे जतन करणे हे इतिहास विभागांचे काम आहे. परंतु उद्याचा अभ्यासक ती वही उघडील तेव्हा त्यात अधिकाऱ्यांच्या सहीखाली आपलीही सही त्यास आढळेल. मुले काय सांगत होती हे त्याला तेथे सापडले नाही, तर न ऐकणाऱ्यांच्या यादीत तो आपलेही नाव घेईल, आणि त्याचे ते म्हणणे खोडून काढण्यास आपल्याजवळ पुरावा नसेल.